रिअॅक्शन नंबर चौदा

माझ्या औषधांच्या दुकानात येणारी माणसं आधी माझ्या बहिणीबद्दल बोलतात आणि मग डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करतात. "काल काय रडल्या हो तुमच्या ताई," असं म्हणून खोकल्याचं औषध मागतात. पूर्वी मला बरं वाटायचं. नंतर नंतर मात्र हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला लागली. कारण काल ताई रडलीच नव्हती. काल ताई माझ्याकडे बसून भाजी निवडत होती, परवा पलंगावर पडून छताकडे बघत होती, आणि त्या सेटवर पाऊल ठेवून तिला सात महिने झाले होते. टीव्हीवर रडत होता तो तिचा एक जुना शॉट, पाच सेकंदांचा. तो मला तिथून काढून घ्यायचा होता. त्याचीच ही हकिकत, पण आधी ताई कोण ते सांगते, म्हणजे मी एवढी का पेटले ते कळेल.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. घरी आलेल्या प्रत्येकाची ती नक्कल करायची. आत्या उठून गेली रे गेली की ताई आत्याच्या खुर्चीत, तसाच गुडघा चोळत, "माझं काय बाई, दोन घास मिळाले की झालं," म्हणत. आई तोंडावर हात धरून हसायची आणि हसून झालं की तिला धपाटा घालायची. 'सोंगाडी' हे नाव आईनंच ठेवलेलं. वडील पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटरचे आकडे उतरवायचे. मुलगी नोकरी करणार हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ताईनं टायपिंगची परीक्षा दिली, पास झाली, आणि नोकरीचं पत्र आलं त्याच दिवशी नाटकाच्या तालमीला निघून गेली. पुढचे आठ महिने वडील तिच्याशी माझ्यामार्फत बोलत होते. "तिला विचार, मीठ हवंय का." ती समोरच बसलेली असायची.

पहिली नऊ वर्षं तिनं टीव्हीवर नर्सचीच कामं केली. मोजून अकरा नर्स. वाक्य एकच, "डॉक्टर आत बोलावतायत." ते ती अकरा तऱ्हांनी म्हणाली. एका नर्सचं सकाळीच नवऱ्याशी भांडण झालेलं असायचं, एकीचे नवे बूट चावत असायचे, एक त्या डॉक्टरच्या प्रेमात असायची. हे कुणाच्या बापाला कळलं नाही, फक्त आमच्या आईला कळायचं. "आज हिचे पाय दुखतायत," आई पडद्याकडे बघून म्हणायची, आणि ताई खूश व्हायची.

एकोणतिसाव्या वर्षी तिला एका सिनेमात मुख्य काम मिळालं. बासष्ट दिवस शूटिंग झालं, सिनेमा पूर्ण झाला, आणि दोन निर्मात्यांचं फाटलं म्हणून डब्यात गेला. अजून तिथंच आहे. चौतिसाव्या वर्षी तिला छत्तीस वर्षांच्या नटाची आई केली. तिच्या काळ्याभोर केसांना पांढरं फासलं. तो नट शॉटमध्ये तिला "आई" म्हणायचा आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्या खांद्यावर हात टाकायचा. एकदा तिनं तो हात उचलून त्याच्याच खिशात घातला. त्याच्या पुढच्या सिनेमात आई बदलली. लग्न तिनं केलं नाही. कुणी फार विचारलं तर म्हणायची, "रोज कुणाची तरी बायको असतेच की मी, घरी आणखी एक नवरा कशाला?"

या धंद्यात एक पद्धत आहे. एखाद्याचा क्लोजअप असला, म्हणजे कॅमेऱ्यात एकट्याचाच चेहरा घ्यायचा असला, की समोरच्या नटानं कॅमेऱ्याशेजारी उभं राहून आपली वाक्यं बोलायची. नाहीतर तो बिचारा कुणाकडे बघून रडणार? ताई सगळ्यांसाठी उभी राहायची, ताप असला तरी. तिचा क्लोजअप आला की मात्र मोठी मंडळी गाडीत जाऊन बसायची. मग दिव्याच्या स्टँडला एक चिकटपट्टी लावायचे आणि ताई त्या पट्टीला म्हणायची, "तू असं का केलंस बाळा?" अशी बरीच वर्षं तिनं चिकटपट्टीवर माया केली. मी एकदा चिडून म्हटलं, तूही जाऊन बस ना गाडीत. ती म्हणाली, "मग समोरचा काय पट्टीशी बोलेल?" अशा माणसाला काय सांगणार?

पंचेचाळिशीत तिला ती मालिका मिळाली. मोठं कुटुंब, मोठं घर, घरातली थोरली जाऊ. मालिकेत सगळे तिला 'थोरली' म्हणायचे, मग बाजारातही म्हणायला लागले. सहा वर्षं ती रोज संध्याकाळी साडेसातला लोकांच्या घरात होती. दिग्दर्शकाचं नाव आम्ही 'आटपा' ठेवलं होतं, कारण दिवसभर तो तेवढंच म्हणायचा. माणूस गोड. कधी आवाज चढवायचा नाही. प्रत्येकीला ताई म्हणून हाक मारायची आणि हवं ते करून घ्यायचं.

मालिकावाल्यांची बँक असते, चेहऱ्यांची. एखादा नट सुट्टीवर जाणार असेल तर त्याला भिंतीपुढे उभं करतात आणि एकामागून एक चेहरे करून घेतात. अशा चेहऱ्याला ते रिअॅक्शन म्हणतात, आणि प्रत्येकीला नंबर असतो. आश्चर्य. संशय. डावीकडे बघून काळजी. उजवीकडे बघून काळजी. रडू. हसू. मग तो नट नसताना घरात भांडण लागलं की मध्येच त्याचा एक चेहरा टाकायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं तो तिथंच उभा आहे. आठ-दहा दिवस भागवायला ठीक आहे. आठ-दहा दिवस.

आई माझ्याकडे राहायची. वडील गेल्यापासून अकरा वर्षं. पोटात दुखायला लागलं म्हणून तिला दाखल केलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, परवा ऑपरेशन. ताईनं आठ दिवसांची रजा मागितली. आटपा म्हणाला, "अवश्य जा ताई. आईपुढे काय आहे? फक्त सकाळी येऊन तासभर बँक देऊन जा." ती पहाटे हॉस्पिटलमधून निघाली, आईला सांगून की दुपारपर्यंत येते. आई म्हणाली, "आज कोणतं सोंग?" ताई म्हणाली, "आज सगळीच."

अकरा वाजून दहा मिनिटांनी आई गेली. ऑपरेशनच्या आधीच, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. मी तिचा हात धरून होते. मी ताईला फोन लावला. शूटिंगच्या वेळी नटांचे फोन दिग्दर्शकाच्या सहायक बाईकडे असतात, तिनं उचलला. मी तिला म्हटलं, "आमची आई गेली. ताईला जरा बाजूला घ्या, बसवा आणि मग सांगा." ती म्हणाली, "हो हो, मी बघते." सेटपासून हॉस्पिटल दीड तासावर. ताईला पोचायला दोन वाजले. "निघायला उशीर झाला," एवढंच म्हणाली, आणि आईच्या पायाशी बसली.

आठ दिवसांनी ताईनं फोन केला, कामाला येऊ का म्हणून. सध्या कथेत थोरलीचं फारसं काही नाही, म्हणाले. महिन्यानं पुन्हा तेच. पण साडेसातला टीव्ही लावला की थोरली होतीच. धाकटीचे दागिने गेले, थोरलीचा चेहरा. कारखाना जळाला, थोरलीचा चेहरा. मोरपंखी रंगाचा तोच पोशाख, मागे तीच भिंत. त्यांच्या हिशेबात नट सेटवर आला तर तो कामाचा दिवस, चेहरा रोज राबला तरी तो कामाचा नाही, म्हणून पैसे नाहीत. दुसऱ्या मालिकावाल्यांना विचारलं तर ते म्हणायचे, "ताई, तुम्ही तर रोज दिसता. तुमचं तोंड लोकांना पाठ झालंय." म्हणजे काम नाही ते नाही, वर नवीन कामाची वाटही बंद. बावन्नाव्या वर्षी माझी बहीण स्वतःच्याच चेहऱ्यामुळे बेकार झाली.

मला खरं काय ते कळलं सात महिन्यांनी. आम्ही दोघी मालिका बघत होतो. धाकटी सून घर सोडून निघाली आणि थोरलीचा तो रडका चेहरा आला. हनुवटी आधी थरथरते, डोळे भरतात, पण पाणी पडत नाही. मी म्हटलं, "हा मात्र झकास झालाय हं." ताई म्हणाली, "तो आई गेल्याचं कळलं तेव्हाचा आहे. नंबर चौदा. कॅमेरा चालू होता." आणि उठून कप विसळायला गेली.

तो चेहरा मी तोवर कितीदा पाहिला होता. दूध उतू गेलं तेव्हा पाहिला होता. मांजर हरवलं तेव्हासुद्धा. माझी आई मेली ती बातमी त्यांनी मांजरासाठी वापरली. त्या रात्री माझ्या डोक्यात जे शिरलं ते पुढे सात महिने बाहेर पडलं नाही.

मी पत्रं लिहिली. उत्तर नाही. मग दुकान बंद ठेवून निर्मात्याच्या कचेरीत गेले, तीन वेळा. तिथं एक पांढरा सोफा आहे, बसलं की माणूस गुडघ्यापर्यंत आत जातो आणि भांडायला उठताच येत नाही. मुद्दामच ठेवला असणार. समोर एक तरुण बाई बसायची, मालिकेची कथा ठरवणारी. "मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकते," ती म्हणाली. मी म्हटलं, "भावना तुम्हीच वापरताय, समजणारच तुम्हाला." ती म्हणाली, करारात लिहिलंय, जे कॅमेऱ्यात आलं ते आमचं. मी ताईला तिथं सोबत ओढून नेलं तर ती खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "जाऊ दे ना. पाच सेकंद तर आहेत." मला तिचाच राग आला. मी भर रस्त्यात तिला म्हटलं, तुला लाज कशी वाटत नाही? तिनं रिक्षाला हात केला. नंतरही मी जितकी भांडायची तितकी ती गप्प होत गेली, आणि मी समजत राहिले की माझी बहीण आयुष्यभर चिकटपट्टीशी बोलून बोलून मिळमिळीत झालीय.

शेवटी त्यांचीच मान अडकली. मालिका दोन महिन्यांत संपायची होती आणि थोरलीला मारायचं ठरलं होतं. बँकेत सगळं होतं, मरण नव्हतं. कोण आगाऊ देऊन ठेवणार? आटपाचा फोन आला, "ताई, दोनच दिवस या. छान निरोप देऊ तुम्हाला." फोन मी घेतला होता. मी म्हटलं, ती येईल. पण आधी तो चौदा नंबरचा शॉट आमच्या डोळ्यांदेखत पुसायचा. दाखवून झालं ते झालं, पण उरलेल्या भागांत नको, आणि पुढे कधीच कुठेच नको. दोन दिवसांनी निर्मात्याच्या सहीचं पत्र आलं. 'रिअॅक्शन नंबर १४ कायमस्वरूपी नष्ट करण्यास हरकत नाही.' मी ते पत्र ताईपुढे नाचवलं. तिनं वाचलं आणि घडी करून मला परत दिलं.

एडिटरची खोली तळमजल्यावर होती. खिडकी नाही, थंडी कडाक्याची, दोन पडदे आणि तीन खुर्च्या. एडिटर चाळिशीचा, खांद्यावर स्वेटर टाकलेला. ताईला बघून उठून उभा राहिला. "रोज बघतो हो तुम्हाला," तो म्हणाला, "भेटतोय आज." त्यानं पत्र वाचलं, तो शॉट कधीचा ते मी सांगितलं, आणि त्याचा चेहरा पडला. "एकतीस वेळा वापरलाय मी हा. मला वाटलं, काय काम केलंय बाईंनी. मला खरंच माहीत नव्हतं ताई. बँकेचा आवाज मी कधी लावत नाही, वर संगीतच टाकायचं असतं."

"मग आज लाव," मी म्हटलं.

"नको," ताई म्हणाली.

"मला ऐकायचंय त्या बाईनं तुला कसं सांगितलं ते."

"नको म्हणतेय ना मी."

मी ऐकलं नाही. एडिटरनं लावलं. पडद्याच्या कोपऱ्यात त्या दिवशीचं घड्याळ पळत होतं. अकरा चौदा. ताई भिंतीपुढे उभी, तेरा नंबरचा चेहरा संपवून खांदे सैल सोडलेले. मग सहायक बाईची कुजबुज ऐकू आली, "सर, हॉस्पिटलमधून फोन होता. त्यांची आई गेली." मग आटपाचा गोड आवाज, हळू, "कॅमेरा थांबवू नका. सांग तिला. इथूनच सांग."

आणि तिनं सांगितलं. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून, वाक्य बोलावं तसं.

मी खुर्चीवरून उठले. काय काय बोलले ते लिहीत नाही, औषधाच्या दुकानात बसणाऱ्या बाईला एवढे शब्द येतात हे मलाही त्या दिवशीच कळलं. आटपाला, त्याच्या खानदानाला, त्या सहायक बाईला, त्या पांढऱ्या सोफ्याला. एडिटर मान खाली घालून ऐकत होता, त्याचाच अपराध असल्यासारखा. मशीन थांबवायचं त्याच्या लक्षात आलं नाही. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा पडद्यावर आटपा बोलत होता, "फार वाईट झालं ताई. तीनच राहिल्यात. आटपून टाकू या? लगेच गाडी लावतो."

आणि माझ्या बहिणीचा आवाज आला, साधा, रोजचा. "हो."

कुणीतरी येऊन तिचे डोळे टिपले, पावडर लावली. पंधरा, संशय. सोळा, राग. घड्याळात अकरा सदतीस झाले आणि आटपा म्हणाला, "सतरा. मनापासून हसू. आनंदाची बातमी आलीय." ताई हसली. खोटं नव्हे. पोट धरून, मान मागे टाकून, आमच्या घरी आत्याची नक्कल करून झाल्यावर हसायची तशी हसली. "हा नातू झाला तेव्हा लावला होता," एडिटर पुटपुटला, कुणी विचारलं नसताना.

अकरा सदतीस. मी तेव्हा आईचं तोंड मिटलेलं राहावं म्हणून तिच्या हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल धरून एकटी बसले होते आणि दर मिनिटाला दाराकडे बघत होते. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला आटपाचा आला नसेल इतका राग ताईचा आला. मी तिच्याकडे वळले. ती पडद्याकडे बघतच नव्हती. दोन्ही हातांच्या मुठी मांडीवर होत्या.

"थांबव," ती एडिटरला म्हणाली. मग मला म्हणाली, "चौदा राहू दे."

"काय बोलतेस? त्यासाठीच आलोय ना आपण?"

"तू आलीस त्यासाठी. चौदा खरा आहे ग. त्यांनी चोरला असला तरी खरा आहे. तेव्हा मी आईचीच मुलगी होते. कुणी मांजरासाठी लावू दे नाहीतर कशासाठी." तिचा आवाज चढला. माझी बहीण चिडलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "हा सतरा त्यांनी मागितला, पण दिला कुणी? कुणी हात धरला होता का माझा? गाडी दारात होती. मी 'हो' म्हणाले. तीस वर्षं हो म्हणतेय, तेव्हाही म्हणाले. तू सात महिने चौदासाठी भांडत राहिलीस, आणि रोज मला वाटायचं, हिला सतरा कळला तर ही माझ्याशी जन्मात बोलणार नाही. सतरा पूस."

शेवटचे दोन शब्द तिनं एडिटरला म्हटले. तो माझ्याकडे बघायला लागला. "ताई, माझ्याकडे परवानगी चौदाची आहे. सतराची नाही. माझी नोकरी जाईल."

सव्वीस वर्षं मी औषधं देते. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचा आकडा मी कधी बदललेला नाही, ओळखीच्या माणसानं हातापाया पडून सांगितलं तरी नाही. मी त्याच्या टेबलावरचं पेन घेतलं, निर्मात्याच्या पत्रातला चौदा खोडला, वर सतरा लिहिलं आणि बाजूला माझी सही केली. विचारलंच कुणी तर माझं नाव सांग, मी त्याला म्हटलं. मग खुर्ची ओढून ताईच्या शेजारी बसले.

"पूस," मी म्हटलं.